तक्रार मिटली

अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्यासाठी आफरीनने डॉट नेटमध्ये तक्रारींचं सॉफ्टवेअर बनवलं. प्रोग्रॅम एकदाच लिहायचा, मग तोच ऑफिसच्या कॉम्प्युटरवर चालायचा आणि मालकाच्या मोबाईलवरही उघडायचा. कामगारांनी नाव न देता तक्रार टाकायची सोय तिने मुद्दाम ठेवली होती.

शिलाईवरच्या बायकांनी लगेच लिहिलं, संडासात पाय ठेववत नाही. आफरीन स्वतः बघायला गेली. फरशीवर किडे वळवळत होते. ओढणी नाकाला लावून ती दारातूनच मागे फिरली.

सोमवारी तक्रारी एकदम थांबल्या. मालकांचा फोन आला, "लई भारी काम केलंस की. एका दिवसात प्रश्न मिटला बघ."

आफरीन खुशीत कारखान्यावर गेली. शिलाईवरच्या मथुराबाई दिसताच तिने विचारलं, "मावशी, झाला ना संडास साफ?"



"कुटला साफ, पोरी? कुलूप घातलंय त्याला. तक्रार कुणी टाकली ते सांगितल्याबिगर किल्ली देत न्हाईत, म्हणून सकाळधरनं आमी पाणीच पीत न्हाय."