आरशाचा कोन

बद्रीनाथांचे गुडघे स्टेअरिंगला लागले.

ते उतरले, धोतर सावरून पुन्हा बसले. पुन्हा लागले. सीट पुढं ओढलेली होती, अगदी शेवटच्या खाचेपर्यंत. कॉन्टेसा घेतली त्या दिवसापासून ही सीट मागच्या खाचेवरून हललेली नव्हती, कारण ही गाडी त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणी चालवलेलीच नव्हती.

दसऱ्याची दुपार होती. औषध घेतल्यावर दोन ते चार ते झोपतात, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आज ते नुसते पडून राहिले. बायकोनं, विमलबाईंनी, दारातून डोकावलं तेव्हा त्यांनी घोरण्याचा आवाजही काढला. मग मागच्या दारानं शेडमध्ये आले.

काल खंडेनवमीला त्यांनीच गाडीची पूजा केली होती. चाकांखाली चार पिवळी, पिकलेली लिंबं ठेवली होती. डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केलेली, म्हणून लिंबं चिरडली नव्हती. आज सकाळी पाहिलं तर तिथं चार लिंबं होतीच, पण हिरवी.

त्यांनी आरशात पाहिलं. आरसा खाली वळवलेला होता. मागची काच दिसतच नव्हती, नुसती मागची सीट दिसत होती. ज्यानं कुणी गाडी काढली त्याला आरसा लावायचीही अक्कल नव्हती. मागच्या सीटवर डाव्या बाजूला तेलकट डाग होता, माणसाच्या डोक्याएवढा.

पोराचंच काम. विजयसिंह गणपतीला पुण्याहून आला तेव्हा म्हणाला होता, आबा, गाडी आता काढून टाकू, शेड मोकळं होईल. म्हणजे गिऱ्हाइकं येऊन बघून जात होती. दाखवणारा धुळाजी. सकाळी त्याला खोदून विचारलं, तर ट्रॅक्टरवरचा तो गडी स्वतःच्या चपलांकडं बघत म्हणाला होता, "मी कावून हात लावू मालक? मला आपला ट्रॅक्टरच बरा." हे बोलताना त्याच्या डोक्याला लावलेलं तेल चमकत होतं.

बद्रीनाथांनी स्टेअरिंगवर हात ठेवले. मांजरसुंब्याचा घाट ते या गाडीनं तिसऱ्या गेअरमध्ये चढले होते. माजलगावला कारखान्याच्या मीटिंगला निघाले की समोरची जीप आपण होऊन कडेला व्हायची. आत सहा माणसं बसायची आणि एकाच्याही पोटातलं पाणी हलायचं नाही. बोनेट एवढं लांब की वळणावर आधी गाडी पोहोचायची, मग आपण. ड्रायव्हर त्यांनी कधी ठेवला नाही. असली गाडी दुसऱ्याच्या हातात देऊन आपण मागं बसायचं, तर ती घ्यायचीच कशाला? मागं विमलबाई बसायच्या, डाव्या कोपऱ्यात, मांडीवर डबा धरून.

पावलं वाजली. ते उतरले आणि भिंतीलगतच्या पेंडीच्या पोत्यांमागं वाकून बसले.

आधी धुळाजी आला. त्यानं मागचं दार उघडलं, चपला काढून आत ठेवल्या आणि सीटवर सरळ आडवा झाला. बद्रीनाथांनी मूठ आवळली. पण गिऱ्हाईक आलं नाही. विमलबाई आल्या. पदर कमरेला खोचलेला, हातात उशी. उशी सीटवर ठेवून त्या स्टेअरिंगमागं बसल्या. बटव्यातून त्यांनी किल्ली काढली. ती दुसरी किल्ली. ज्येष्ठात भाच्याच्या लग्नात हरवली, असं त्यांनीच सांगितलं होतं.

गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. विमलबाईंनी आरशात पाहिलं, मग मान वळवून मागं पडलेल्या धुळाजीकडं. चाकाखाली लिंबू पिचलं. गाडी शेडबाहेर जाऊ लागली तसे बद्रीनाथ पोत्यांमागून उठले आणि बोनेटसमोर जाऊन उभे राहिले.

गाडी थांबली. बंद पडली नाही. बंद पडली नाही, हे आधी त्यांच्या लक्षात आलं, राग नंतर आला.

धुळाजीनं उठून पाहिलं आणि पुन्हा आडवा झाला.

"कवापासून?" ते खिडकीशी येऊन म्हणाले.

"आखाडापासून."

"अन् ह्यो मागं कावून लोळतोय?"

विमलबाईंनी हात स्टेअरिंगवरून काढले नाहीत. "चैतात तुमाला झटका आलता. तवा गाडी हितंच उभी होती. किल्ली तुमच्या उशाखाली. अन् मी दीड तास फाटकात उभी, कुणाची जीप येती का बगत."

बद्रीनाथांना त्या दिवसाचं काही आठवत नव्हतं. बीडच्या दवाखान्यातलं छत आठवत होतं, तेवढंच.

"आजारी माणूस मागं पडलेला असला की कशी चालवायची, ते शिकायलेय," त्या म्हणाल्या.

"लई हळू चालवत्यात, मालक," धुळाजी आतून म्हणाला. "पोटातलं पाणी हालत न्हाई. मला तर झोपच लागती."

"तू उतर," विमलबाई म्हणाल्या.

तो चपला हातात घेऊन उतरला आणि पोत्यांकडं निघून गेला. मागचं दार उघडंच राहिलं. बद्रीनाथ सवयीनं उजवीकडच्या पुढच्या दाराशी उभे होते. तिथं जागा नव्हती. ते वळसा घालून गेले, मागं डाव्या कोपऱ्यात बसले आणि दार ओढून घेतलं.

"आडवं व्हा," विमलबाई म्हणाल्या. "बसल्याली माणसं मला नेता येत्यात."

ते आडवे झाले. डोकं बरोबर त्या तेलकट डागावर आलं. तिथून रस्ता दिसत नव्हता. कडुलिंबाचे शेंडे आणि विजेच्या तारा तेवढ्या मागं सरकत होत्या. त्यांनी कानांनी गेअर मोजले. पहिला. दुसरा. तिसऱ्याला हिसका बसणारच, म्हणून त्यांनी सीटची कड धरली. हिसका बसला नाही.

मग त्यांनी वर पाहिलं. आरशात दोन डोळे होते. रस्त्यावर, त्यांच्यावर, पुन्हा रस्त्यावर.