जिन्याखालचा नळ

तिला पत्रकारितेला प्रवेश मिळाला. पण हे वाक्य अजून कुणी लिहिलेलं नाही आणि तुम्ही वाचलेलं नाही, असं धरून चला.

मुलाखतीच्या खोलीत दोघं होते: विभागप्रमुख आणि पाहुण्या म्हणून आलेल्या निवृत्त संपादकबाई. वीस मिनिटांत याच इमारतीतून एक बातमी आणायची, एवढीच परीक्षा. ती रसायनशास्त्राची पदवीधर. एम.एस्सी.च्या अर्जाची मुदत तिने काल घरी न सांगता उलटू दिली होती. आता जे काय व्हायचं ते इथेच.

पंधराव्या मिनिटाला ती कागद घेऊन आली. बाईंनी वाचला.

"'जिन्याखालचा पिण्याच्या पाण्याचा नळ सरासरी सव्वीस दिवस बंद आहे.' सरासरी?"

"तिघांना विचारलं. शिपाईकाका म्हणाले दोन महिने, कारकून म्हणाले अठरा दिवस. सर फोन घ्यायला बाहेर आले होते, ते म्हणाले, 'कुठला नळ?' ते मी शून्य धरलं."

विभागप्रमुख खिडकीबाहेर बघू लागले.

"न जुळणाऱ्या रीडिंगचं तुमच्याकडे काय करतात गं?" बाईंनी विचारलं.

"खोडतात."

"आमच्याकडे त्याचा मथळा करतात. जा, पाच मिनिटं आहेत."

या वेळी तिने कुणालाच विचारलं नाही. इमारतीतले बाकीचे नळ पाहिले, मग या नळाच्या तोंडात बोट फिरवलं आणि परत आली.

"इथल्या बाकीच्या सगळ्या नळांच्या तोंडाशी क्षाराचा पांढरा थर आहे. याला कणभरही नाही. म्हणजे पाणी बंद पडलेलं नाही. ते कधी आलंच नाही."

"कधीपासून?"

"वर उद्घाटनाची पाटी आहे. सहा वर्षं झाली." तिने विभागप्रमुखांकडे पाहिलं. "सरांच्या हस्ते."

विभागप्रमुखांनी चष्मा काढून पुसला. "बाळ, इथे प्रवेश कोण देतं, माहीत आहे ना?"

"हो सर. पाटीवर हुद्दाही आहे."

बाईंना अचानक खोकला आला. प्यायला पाणी नव्हतं.

"एका थरावरून बातमी होत नसते," विभागप्रमुख म्हणाले. "पुरावा काय?"

तिने कागद परत मागून घेतला. अक्षर प्रयोगशाळेच्या जर्नलमधल्यासारखंच सुबक आलं. बातमीखाली तिने एक ओळ वाढवली:

'वरील निष्कर्ष चुकीचा असल्यास मा. विभागप्रमुखांनी उमेदवारासमक्ष सदर नळातून एक पेला पाणी काढून दाखवावे, ही नम्र विनंती.'