लाल गाडीचं बुकिंग

जाचकांनी बोट टोचून घेतलं आणि रक्ताचा थेंब शोरूममधल्या यंत्राला दिला. लाल स्पोर्ट्स कारचा नंबर सात वर्षांनी लागणार होता, आणि तोवर जगणाऱ्याचंच बुकिंग यंत्र घेत असे.

“पेढे आधीच आणलेत,” त्यांची बायको शकू काउंटरवरच्या मुलीला म्हणाली. “यांना दम कुठला!”

मुलगी बराच वेळ पडद्याकडं बघत राहिली. “काका, बुकिंग काकूंच्या नावावर करूया?”

“अगं, मला सायकलसुद्धा येत नाही.”

“सात वर्षं आहेत काकू. शिकाल.”

शकूच्या हातातल्या पुड्याचा दोरा अर्धाच सुटला होता. जाचकांनी तो हलक्या हातानं परत बांधला.

“शिकवतो मी,” ते म्हणाले. “उद्यापासूनच.”