बदलून मिळालेली हार्ड डिस्क

कॉम्प्युटरची हार्ड डिस्क चार महिन्यांतच बंद पडली, म्हणून तिने ती वॉरंटीत कंपनीकडे पाठवली. पंधरा दिवसांनी बदली डिस्क आली. लावून पाहते तर आत कुणा अनोळखी कुटुंबाचा अख्खा संसार: फोटो, मुलांचे दाखले, पासवर्डची यादीसुद्धा.

"पुसायची राहिली वाटतं," नवरा खुर्ची ओढून शेजारी बसला. "बघू तरी, घर कसं आहे त्यांचं."

"लाज बाळग रे जरा," ती म्हणाली खरी, पण दोघांनी तासभर फोटो पाहिले आणि त्या लोकांच्या पडद्यांना यथेच्छ नावं ठेवली.

मग तिचा हात माऊसवरच थिजला. "यांची आपल्याकडे आली. मग आपली कुणाकडे गेली?"

"आपली तर मेलेली होती."

"यांचीही मेलेलीच असणार. त्याशिवाय कंपनीकडे परत कशाला पाठवतील? तिथे दुरुस्त करून आपल्याला दिली."

नवऱ्याचं हसू मावळलं. कंपनीकडे पाठवलेल्या डिस्कवर या दोघांचा पत्ता होता, फोन नंबर होता आणि सुताराला पाठवायला काढलेला एक व्हिडिओही. त्यात ती स्वतःच दाखवत होती, मागच्या दाराची कडी नुसत्या धक्क्यानेही कशी निघते ते. सुतार मात्र अजून फिरकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी नवरा त्या सुताराला गाठायला बाहेर पडला. ती घरात एकटीच होती, तेव्हा फोन वाजला.



"ताई, आपली ओळख नाही," पलीकडचा आवाज अगदी आपुलकीचा होता, "पण ती कडी बसवून घेतलीत का?"