नाशपातीचा जामीन

कुऱ्हाड वर गेली आणि नर्मदाबाईंनी नाशपातीच्या बुंध्याला घट्ट मिठी मारली.

"अहो, यंदा माफ करा तिला. पुढच्या वर्षी फळेल. मी जामीन आहे."

"तुम्ही म्हणता म्हणून सोडतो," जगदेवराव म्हणाले आणि कुऱ्हाड खाली आली.

नव्या सुनेच्या, अल्पनाच्या हातातलं हळदीकुंकवाचं तबक पडता पडता राहिलं. धारहून लग्न होऊन या घरात आल्याला तिला दोनच महिने झाले होते. नवरा हसू दाबतोय हे पाहिल्यावर तिच्या जिवात जीव आला. धीरजनं मग सांगितलं, की दर वसंतपंचमीला हे असंच चालतं. न फळणाऱ्या झाडाला एकानं धाक घालायचा, दुसऱ्यानं रदबदली करायची. झाड शरमतं आणि फळतं, अशी जुनी समजूत. पण हे झाड भलतंच निलाजरं निघालं होतं. पत्थरनाख जातीचं, हाडाचं चिवट. देवासचा उन्हाळा सोसायचं, पाण्याची ओढ पडली तर तीही सोसायचं, माघात पांढरंशुभ्र फुलायचं, आणि फळांच्या नावानं बोंब.

"पण बाबा, अगले साल हे जामीन-बिमीन बंद हं," धीरज म्हणाला. "कार बुक केली आहे. उभी कुठे करायची? हीच तर एवढी जागा आहे न."

"फळलं तर राहील. नाही तर कार," जगदेवराव म्हणाले. लेकाचं म्हणणं त्यांना लगेच पटायचं.

"टोंकखुर्दला ताईकडे वास्तुशांत आहे," नर्मदाबाई म्हणाल्या. "जायचं न आपण?"

जगदेवरावांनी पेपर उघडला. पेपर उघडला की विषय मिटला, एवढं अल्पनाला आता कळू लागलं होतं.

तिच्या डोळ्यांपुढून ती मिठी जाईना. सासूबाईंचा एवढा जीव आहे तर झाड वाचलंच पाहिजे, असं तिनं ठरवून टाकलं. पण इतकं फुलणारं झाड फळत का नाही? या कोड्यानं तिची झोप उडवली. मोबाइलवर तिनं सगळं वाचून काढलं. मधमाश्या कमी असल्या तर परागकण आपणच ब्रशनं लावावेत, असं कुणीतरी लिहिलं होतं. मग रोज दुपारी स्टुलावर चढून ती फुलाफुलावरून ब्रश फिरवू लागली.

"सूनबाई झाडाला पावडर लावताहेत," जगदेवराव येणाऱ्याजाणाऱ्याला सांगून हसत.

हसोत बापडे. होळी झाली आणि फुलांच्या जागी वाटाण्याएवढ्या हिरव्या गोळ्या दिसू लागल्या. अल्पनाला नाचावंसं वाटलं. नजर लागेल म्हणून तिनं कुणालाही सांगितलं नाही. सांगितलं ते फक्त सासूबाईंच्या कानात. "अगबाई!" म्हणाल्या त्या, आणि तिच्या गालावरून हात फिरवला.

आणि फळं नाहीशी होऊ लागली.

पोपट? पण पोपट खाली कचरा पाडतात, आणि झाडाखाली तर काहीच नव्हतं. खार? पण देठ कुरतडलेले नव्हते, नखानं खुडल्यासारखे सरळ होते. तिनं जुनी मच्छरदाणी आणून खालच्या फांद्यांवर बांधली. दुसऱ्या दिवशी मच्छरदाणी जागच्या जागी होती, फळं मात्र आणखी कमी झालेली. अल्पनानं दोरी निरखून पाहिली. गाठ तिची नव्हती. अशी गाठ तिनं या घरात रोज पाहिली होती, लोणच्याच्या बरणीवरच्या फडक्याला.

त्या दुपारी जगदेवराव घोरू लागले तशी ती स्वयंपाकघराच्या खिडकीआड उभी राहिली. थोड्या वेळानं नर्मदाबाई मागल्या दारानं निघाल्या. त्यांनी मच्छरदाणी सोडली आणि एकेक गोळी खुडून पदरात टाकू लागल्या, परडीत जास्वंद वेचावी तशी.

"आई!" अल्पनाला रडूच आलं. "मी इतकी मेहनत केली न! तुमच्यासाठीच तर केली."

नर्मदाबाई दचकल्या नाहीत. "तुझ्या ब्रशानं लागली असं वाटलं होय तुला? वेडी! दरसाल लागतात."

"अन् तुम्ही दरसाल…? पण का?"

"फळलं की कुऱ्हाड माळ्यावर जाईल. मग जामीन कोणाला हवाय?" नर्मदाबाईंनी पदर सावरला. "वर्षातून एकदा हे मला 'तुम्ही' म्हणतात, सूनबाई. मी बोलले की उचललेला हात खाली येतो. माझा दुसरा एखादा शब्द चाललेला तू पाहिलास का या घरात?"

अल्पनाला तो पेपर आठवला.

"पण पुढच्या पंचमीला कार मध्ये येणार, आई," ती म्हणाली. "धीरज हट्टाला पेटला अन् बाबांनी तुमचं नाही ऐकलं तर? झाड जाईल."

"जाईल," नर्मदाबाई म्हणाल्या. त्यांचा हात बुंध्यावरून फिरत राहिला. "पण माझा शब्द खरोखरीचा आहे, का नुसता खेळातला, हे मरायच्या आत मलाही एकदा कळायला हवं न?"

आत जगदेवराव खोकले आणि कूस बदलून पुन्हा घोरू लागले. अल्पनानं डोळे पुसले. स्टूल ओढलं, वर चढली आणि शेंड्याकडची फांदी सासूबाईंच्या हाताशी येईल इतकी खाली वाकवली.

"आई, इथे अजून दोन राहिली आहेत."