मेस्त्रींची नळी

"सिस्टर, जरा जोर लावा की. तुंबलेली नळी अशी गोंजारून उघडते होय?" डायलिसिसच्या खुर्चीतून सदानंद मेस्त्री म्हणाले. चाळीस वर्षं त्यांनी गावभरचे नळ दुरुस्त केले होते. आज त्यांच्याच मानेजवळ बसवलेली नळी गुठळीने बंद पडली होती.

सिस्टरने गुठळी विरघळवणारं औषध नळीत हळूच भरलं. "अर्धा तास थांबायचं. नाही उघडली, तर नवी घालावी लागेल."

अर्ध्या तासात मेस्त्रींनी घड्याळाकडे वीसदा पाहिलं.

सिस्टरने सिरिंज ओढली. रक्त अलगद आलं.

मेस्त्री खुर्चीत मागे टेकले. "एवढा वेळ मी थांबलो असतो, तर गिऱ्हाइकानं हाकललं असतं."

"थांबायला हवं होतं, काका," सिस्टर मशीन जोडत म्हणाली. "तुम्ही जोर लावून गेलात, तेव्हापासून आमच्या घरच्या बेसिनखाली बादली आहे."