अंगठ्याचा पुरावा

"हा नुसता मनाचा खेळ आहे. घरच्यांना विचारा, पुरावा वहीत लिहा," एवढं सांगून समुपदेशक बाई जीपनं आल्या तशा जीपनं गेल्या.

म्हणून हर्षदानं मेथी धूत बसलेल्या सासूसमोर वही उघडली. दोनच रकाने होते : मी दोषी, मी निर्दोष. "आत्याबाई, माझ्या डोहाळजेवणाला यायचं म्हणून त्यांनी सुट्टी पुढं ढकलली आणि तिकडं सीमेवर गोळी लागून गेले. तुम्ही मला दोष देत न्हाई ना?"

सासूनं मान वर केली नाही. "दोषीचा रकाना कुठला?"

हर्षदानं बोट ठेवलं.

सासूनं देव्हाऱ्यामागून हर्षदाचाच करंडा काढला, सात महिने न उघडलेला. ओला अंगठा कुंकवात दाबून तिनं त्या रकान्यात उमटवला.

"मला लिवता येत न्हाई. पर मेलेल्याच्या आईची साक्ष हाय म्हणावं तुझ्या बाईला."